माणिकरावांचा न झालेला अपघात

हेवा कशाचा करावा याला काही धरबंध असतो. कुणी शेजाऱ्याच्या विहिरीच्या पाण्यावर जळतं, कुणी जावयाच्या नोकरीवर, कुणी दुसऱ्याच्या बायकोच्या हातच्या आमटीवर. पण नौबादचे माणिकराव जळत होते ते शेजारच्या मडिवाळप्पांच्या अपघातांवर. आता बोला.

माणिकराव सरकारी बसचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी बिदर डेपोत काढली, त्यातली निम्मी खटकचिंचोळीच्या मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी माणसं, कोंबड्या, पेंडीची पोती भरून गाडी न्यायची, गावातच झोपायचं आणि पहाटे तीच गाडी परत आणायची. एवढ्या नोकरीत गाडीला कधी ओरखडा नाही. निवृत्त होताना बिनअपघाताचं चांदीचं पदक मिळालं. ते बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेलं असायचं आणि चौदा एप्रिल आला की त्यांच्या बायको इंदिराबाई ते रांगोळीनं घासून लख्ख करायच्या. "ह्यांच्या हातून मुंगीबी मेली न्हाई," असं त्या गल्लीत येणाऱ्या प्रत्येक नव्या सुनेला ऐकवायच्या.

मडिवाळप्पा लॉरीवाले. गुलबर्ग्याच्या डाळीपासून कुठल्या कुठल्या कांद्यापर्यंत सगळं वाहिलेलं. त्यांच्या हातून तीन मोठे अपघात झालेले. दोघं एकाच वयाचे, भिंतीला भिंत लागून घर, अरे-तुरेतली दोस्ती. सणाला यांच्याकडची खीर तिकडं, तिकडची शेंगाची पोळी इकडं. तोवर माणिकरावांच्या मनात काहीच नव्हतं. असायचं कारणच काय? पदक यांच्या भिंतीवर होतं, त्यांच्या नाही.

सगळं बिघडलं ते रूपालीच्या खेळापायी.

रूपाली ही माणिकरावांची धाकटी. घरी बसून कॉम्प्युटरवर लोकांच्या घरांचे नकाशे काढून द्यायची आणि दुपारी काम संपलं की गाड्या धडकवायचा एक खेळ खेळायची. टेबलाला स्टिअरिंग लावलेलं, खाली पायाला ब्रेक आणि ॲक्सिलेटर. त्या खेळात जिंकणं नाही, हरणं नाही. मोकळं रान, वाटेल ती गाडी, वाटेल तिथं न्या. मात्र धडक खरी. माणिकरावांना तिनं एकदा समजावून सांगितलं होतं. पडद्यावरची गाडी म्हणजे नुसतं चित्र नसतं. आत असंख्य ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या काड्या, प्रत्येक काडीला आपलं वजन आणि आपली ताकद. धडक बसली की कोणती काडी वाकणार आणि कोणती तुटणार हे त्या वेळी तिथंच ठरतं. वेग जरा कमी करा, भार जरा मागं सरकवा, की गाडी वेगळीच मोडते. याचे ती व्हिडिओ काढायची. बघणारे मोजकेच होते.

एक दिवस मडिवाळप्पा शेंगाची पोळी घेऊन आले आणि तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. पडद्यावर एक लॉरी उतारानं येत होती. मडिवाळप्पा मान वाकडी करून म्हणाले, "मागचा पाटा जातोय बघ आधी. मंग चेसी पिळती. आता उजवीकडं कलती. होतु नोड."

होतु नोड म्हणजे कानडीत गेली बघ. आणि लॉरी गेली. अगदी तशीच गेली, आधी मागच्या स्प्रिंगचा पाटा, मग खालचा सांगाडा म्हणजे चेसी, मग उजवी कूस.

रूपालीचं रेकॉर्डिंग चालूच होतं. तो आवाज तसाच व्हिडिओत गेला आणि लोक वेडे झाले. धडकेपेक्षा त्या म्हाताऱ्या आवाजाची मागणी वाढली. झालं, मडिवाळप्पा रोज दुपारी येऊन बसायला लागले. रूपाली धडकवायची आणि हे पुराण सांगायचे. हुमनाबादच्या पुढं टोमॅटोची लॉरी उलटली तेव्हा गावच्या बायका पदरात टोमॅटो भरून न्यायला लागल्या आणि वर यांनाच विचारायला लागल्या, "अण्णा, असले कच्चे कामून आणलाव?" ही गोष्ट हजारो लोकांनी ऐकली. चहाच्या हॉटेलात पोरं मडिवाळप्पांना बघून "होतु नोड, अप्पा" म्हणून हात वर करायची. आणि एकानं माणिकरावांना विचारलं, "तुमी मडिवाळअप्पांचे शेजारी न्हाई का?"

शेजारी. स्वतःच्या पोरीच्या व्हिडिओत बाप शेजारी झाला. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच ठेवला आणि घरची वाट धरली.

तसं रूपालीनं विचारलं नव्हतं असं नाही. एकदा तिनं माईक पुढं केला होता. "बाबा, तुमचा एखादा अपघात सांगा की."

"न्हाई झाला."

"एकबी न्हाई?"

"न्हाई."

"बारका-सारका?"

"न्हाई गं."

"बरं," म्हणून तिनं माईक मडिवाळप्पांकडं वळवला. तो वळलेला माईक माणिकरावांच्या डोळ्यांपुढून हलेना. ज्याचं काही मोडलं नाही त्याची गोष्ट कोण ऐकतंय? ज्यानं गाड्या मोडल्या त्याला टाळ्या आणि ज्यानं सांभाळल्या त्याला शेंगाची पोळी. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

जळणारा माणूस बारीक बघतो. मडिवाळप्पा तीनपैकी दोनच अपघात सांगतात, हे माणिकरावांनी हेरलं होतं. तिसरा मादन हिप्परग्याचा. तुरीची पोती भरलेली लॉरी वळणावर आडवी झाली आणि मडिवाळप्पांचा मेव्हणा सोमशेखर, जो लॉरीवर क्लीनर होता, तो खाली सापडून गेला. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर मडिवाळप्पांच्या बायकोनं, म्हणजे सोमशेखरच्या बहिणीनं, चन्नम्माअक्कांनी नवऱ्याला घरातून निघताना 'सावकाश जावा' असं कधी म्हटलं नाही. हे सगळं माहीत असून माणिकरावांच्या मनात काय यावं? तर हा गडी तो अपघात मोठ्या व्हिडिओसाठी राखून ठेवायलाय. असला विचार आला याची त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

एका रविवारी विहारातून वंदना करून आल्यावर सगळे रूपालीच्या खोलीत बसले होते. मडिवाळप्पांनी टोमॅटोची गोष्ट परत सांगितली, या वेळी जरा मसाला लावून. आणि इंदिराबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. माणिकरावांच्या संसारात त्या त्यांच्या कुठल्याच बोलण्यावर अशा हसल्या नव्हत्या. माणिकरावांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"माझीबी उलटली व्हती."

 रूपालीनं माईक वळवला.

"खटकचिंचोळीच्या मुक्कामी गाडीला," माणिकराव म्हणाले. "गावाच्या अलीकडं, वढ्याच्या वळणावर. साठचा स्पीड. म्हैस आडवी आली. मी स्टिअरिंग मारलं आन् गाडी डाव्या कुशीवर."

"मंग?" मडिवाळप्पा पुढं सरकले.

"मंग काय. गावातून बैलं आणली, दावी बांधली आन् गाडी सरळ केली. डेपोला कळू दिलं न्हाई."

"बैलानं बस उचलली?"

"त्या टायमाची बैलं व्हती."

"कुणाला लागलं?"

"कुणाला न्हाई. एका म्हातारीची भाकरी सांडली तेवढी."

"बाबा, इतके दिवस कामून लपवलाव हे?" रूपाली म्हणाली आणि त्यांच्याकडं अशी बघायला लागली, जशी ती मडिवाळप्पांकडं बघायची. माणिकरावांना वाटलं, एवढ्यासाठी तर सगळं होतं. लई बरं वाटलं त्यांना. मग त्यांची नजर इंदिराबाईंकडं गेली.

इंदिराबाईंचं हसू कधीच संपलं होतं. त्या उठल्या, बाहेरच्या खोलीत गेल्या, खिळ्यावरचं पदक काढलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवून आल्या.

"अगं, ते कामून काढलीस?" माणिकरावांनी हळूच विचारलं.

"त्या भाकरी सांडलेल्या म्हातारीला विचारून लावते परत," इंदिराबाई म्हणाल्या. "साऱ्या गल्लीला मी काय सांगत आले आन् तुमी काय करून ठेवलाव. खोटं पदक बाबासाहेबांच्या खाली नगं मला."

आता आली का पंचाईत. खरं सांगावं तर मडिवाळच्या आणि पोरीच्या पुढं खोटारडा ठरायचं. गप्प बसावं तर जन्मभराचं एक पदक साड्यांखाली सडायचं. शहाण्या माणसानं त्याच घटकेला कान धरून चूक कबूल केली असती. पण हेवा लागलेला माणूस शहाणा असता तर ही गोष्टच झाली नसती. माणिकराव गप्प बसले.

पुढच्या रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं. मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. माणिकरावांचा आवाज तिथं अडखळला. शेजारून इंदिराबाईंचं कोपर बरगडीत बसलं.

घरी आले तर रूपालीनं आठवडाभर खपून वाढून ठेवलेलं होतं. पडद्यावर खटकचिंचोळीचा रस्ता, ओढ्याचं वळण, तशीच बस, तेवढाच भार. म्हैस म्हणून एक काळं खोकं रस्त्यात येणार होतं. मडिवाळप्पा आधीच स्टुलावर बसले होते.

"बाबा, आज तुमीच चालवा," रूपाली म्हणाली. "तुमचा अपघात तुमच्याच हातानं. साठवर ठेवा, म्हैस आली की त्या दिवशी केलं तसं करा. लोक वाट बघायलेत."

माणिकराव खुर्चीत बसले. त्यांनी मनाशी पक्कं केलं की आज बस उलटवायची. उलटली की गोष्ट खरी झाली. पदक गेलं तर गेलं, पण मडिवाळच्या पुढं खाली बघायचं नाही.

बस निघाली. साठ झाले. वळण दिसलं, खोकं आडवं आलं आणि माणिकरावांचा उजवा पाय, त्यांना न विचारता, ब्रेकवर गेला. बस खोक्यापासून हातभर अलीकडं थांबली.

"बाबा."

"पाय घसरला. परत लाव."

परत लावली. परत पाय गेला. या वेळी तर वळण यायच्या आधीच गेला.

तिसऱ्यांदा माणिकरावांनी उजवा पाय उचलून खुर्चीत अर्धी मांडी घातली आणि डाव्या पायानं ॲक्सिलेटर दाबला. रूपाली हसायला लागली. बस वळणात शिरली, खोकं आलं, माणिकरावांनी दात-ओठ खाऊन स्टिअरिंग मारलं. उजवी चाकं उचलली. बस डावीकडं कलली, आणखी कलली.

"होतु नोड," मडिवाळप्पा म्हणाले.

आणि माणिकरावांच्या हातांनी स्टिअरिंग कलत्या बाजूला अलगद सोडलं, मग परत घेतलं. उचललेली चाकं धप्पकन रस्त्यावर बसली. बस दोन हेलकावे खाऊन उभी राहिली. खेळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मडिवाळप्पांचं होतु नोड चुकलं होतं.

रूपाली पोट धरून हसत होती. "बाबा, बैलं कुठं बांधायची आता? खरं सांगा, उलटली व्हती का?"

"न्हाई," माणिकराव म्हणाले. "कधीच न्हाई उलटली."

लाज तर वाटतच होती. पण एवढं सगळं करूनही गाडी उलटली नाही याचा त्यांना, खरं सांगायचं तर, आनंद झाला होता. दारात उभ्या इंदिराबाई चहा ठेवायला आत गेल्या.

मडिवाळप्पा मात्र हसले नव्हते. ते पडद्यावरच्या त्या उभ्या बसकडं बघत बसले होते.

"माझी एकबी अशी थांबली न्हाई रे," ते म्हणाले. मग रूपालीकडं वळले. "बाळ, ते रेकॉर्डिंग बंद कर. आन् लॉरी घे. दहा चाकी. तुरीची पोती वरपर्यंत. उतार सांगतो तुला, वळण सांगतो."

टेबलावर बोटानं त्यांनी रस्ता काढून दाखवला. कुठं उतार सुरू होतो, कुठं बाभळ, कुठं रस्ता अचानक मोडतो. इतक्या वर्षांनी त्यांचं बोट कुठंही थांबलं नाही. रूपाली ते ऐकून मांडत गेली आणि तिच्याही चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. हा मादन हिप्परग्याचा रस्ता आहे, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

"माणिक, तू चालव," मडिवाळप्पा म्हणाले.

"मी कामून?"

"मला एकच बघायचं हाय. माझ्या जागी तुझ्यासारखा ड्रायव्हर असता तर सोमशेखर वाचला असता का. चन्नम्मा कधी विचारत न्हाई. पण तिच्या मनात तेच हाय. माझ्याबी."

माणिकरावांनी दोन्ही पाय खाली घेतले आणि लॉरी सोडली. पहिल्याच उतारावर त्यांना तिची सगळी नस कळली. भार उंच होता, मागचे पाटे थकलेले होते, ब्रेक जड होता. पण ऐकणारी होती. बाभळीपाशी ब्रेक लावायला सुरुवात केली, थोडा थोडा, तर वळण निघणार होतं. त्यांच्या पायाला हे त्यांच्या आधी कळलं. बाभळ आली आणि पाय ब्रेकवर गेला. लॉरी मऊ झाली, वेग सोडून रस्त्यावर बसायला लागली. वळण अजून पुढं होतं आणि माणिकरावांना पक्कं समजलं की ही थांबते.

जन्मभरात एवढा मोठा डाव हातात आला नव्हता. चहाचं हॉटेल, तो वळलेला माईक, इंदिराबाईंचं ते हसू, सगळ्याचं उट्टं एका ब्रेकमध्ये निघत होतं. पाय आहे तिथं ठेवायचा, बस्स. मग मडिवाळप्पांना मरेपर्यंत कळलं असतं की माणिकराव कोण आहे.

खुर्चीच्या पाठीवर मडिवाळप्पांचा हात होता. ब्रेक दाबावा तसा तो खुर्ची दाबत होता आणि तो दाब माणिकरावांच्या पाठीला लागत होता.

माणिकरावांनी पाय उचलला. बस उलटवताना आपोआप ब्रेकवर जाणारा तोच पाय, जोर लावून, गुडघ्यापासून उचलला. लॉरी सुटली. वळणावर पोत्यांचा भार एका बाजूला ओढला गेला, मागचा पाटा तुटला, चेसी पिळली आणि लॉरी आडवी होऊन केबिन दबत दबत थांबली.  मडिवाळप्पांचं होतु नोड आलं नाही. कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं, म्हणून माणिकरावच म्हणाले, "होतु नोड."

मग स्टिअरिंग सोडून ते म्हणाले, "न्हाई थांबत रे ती. त्या वळणावर कुणाच्यानं न्हाई थांबत."

"व्हय?"

"व्हय. माझ्यानं तरी न्हाई."

मडिवाळप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग उठून म्हणाले, "चन्नम्माला सांगतो." आणि चहा न घेताच भिंतीपलीकडं गेले.

इंदिराबाई चहाचे कप घेऊन दारातच उभ्या होत्या. लग्नानंतर कित्येकदा त्या मुक्कामी गाडीनं गेल्या होत्या आणि दर वेळी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून यांच्या पायाकडं बघत गेल्या होत्या. आजचा तो उचललेला पायही त्यांना दिसला होता. संध्याकाळी पदक घासून परत खिळ्याला लावलेलं दिसलं.

बस न उलटण्याचा व्हिडिओ रूपालीनं टाकला. लोकांना तो आवडला, पण टोमॅटोइतका नाही. मडिवाळप्पा टोमॅटोची गोष्ट आजही सांगतात, लोक आजही हसतात आणि माणिकरावांना आजही थोडं झोंबतं. असायचंच ते. पण आता शेजारच्या घरातून कधी मडिवाळप्पा बाहेर पडायला लागले की चन्नम्माअक्कांचा आवाज येतो, "सावकाश जावा." तो आला की माणिकराव हातातलं काम ठेवून ऐकतात.

त्या लॉरीनंतरच्या पहिल्याच रविवारी विहारात चौथं शील आलं तेव्हा माणिकरावांचा आवाज परत अडखळला. या खेपेला इंदिराबाईंनी कोपर मारलं नाही. त्यांनी आपला आवाज जरा मोठा केला आणि दोघांचंही शील त्याच म्हणाल्या.